चेतापेशी एकदा गेली की

कातडी खरचटली तर आठवड्याभरात नवी येते. रक्त गेले तर हाडांतला मगज ते पुन्हा भरून काढतो. यकृताचा मोठा भाग कापून काढला तरी उरलेला भाग वाढतो. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींना ही सवलत नाही. जन्मापासून मिळालेल्या बहुतेक चेतापेशी आयुष्यभर पुरवाव्या लागतात आणि एखादी मेली की तिच्या जागी दुसरी उभी राहत नाही. कंपवात, अल्झायमर, हंटिंग्टन, मोटर न्यूरॉन डिसीज या आजारांत चेतापेशींची ही पडझड वर्षानुवर्षे चालू राहते. हातात असलेली औषधे लक्षणे आवरतात, पण मेलेली पेशी परत आणत नाहीत. मूलपेशी उपचाराभोवती एवढी आशा जमली ती याच कारणाने. मेलेल्या पेशीच्या जागी नवी पेशी बसवता येईल, असे आश्वासन देणारा दुसरा उपचार वैद्यकात नाही.

हे आश्वासन कुठवर खरे झाले आहे हे पाहायला पूर्व विदर्भातला भंडारा जिल्हा चांगली जागा आहे. चेतापेशी मारणारा एक आजार इथल्या शेतातून, ताटातून आला आणि जवळपास निघून गेला. मूलपेशींचा सर्वांत यशस्वी उपचार ज्या रक्तविकारावर होतो, तो सिकलसेलही याच पट्ट्यात आहे. मोठ्या शहरांतून येणारी ‘मूलपेशींनी बरे करतो’ ही जाहिरात इथल्या मोबाइलवरही तितक्याच सहज पोहोचते.

बांधीतले बियाणे

भंडारा धानाचा जिल्हा आहे. वैनगंगेचे खोरे, मालगुजारी तलाव, लहानमोठ्या बोड्या आणि त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या हे इथल्या शेतीचे रूप. दिवाळीच्या आगेमागे धान पिवळे पडू लागते. बांधीतले उभे पाणी उतरते, चिखल मात्र ओला असतो. कापणीला दहा-पंधरा दिवस उरले की शेतकरी लाखोळीचे बियाणे टोपलीत घेऊन उभ्या धानात शिरतो आणि मुठीमुठीने फेकत जातो. नांगरणी नाही, खत नाही, ओलीत नाही. दाणा धानाच्या चुडांमधल्या चिखलात रुततो आणि सावलीत अंकुरतो. विळा फिरतो तेव्हा रोपे चार बोटे उंच झालेली असतात. पुढे जमिनीतली ओल आणि हिवाळ्याचे दव एवढ्यावर पीक वाढते, निळी फुले येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा वाळतात. या पेरणीला उतेरा म्हणतात.

लाखोळीला कुठे लाखोरी, कुठे नुसते लाख म्हणतात. छत्तीसगडात ती तिवरा होते, उत्तरेत खेसारी. दाणा करडा, ठिपक्यांचा, एका बाजूला निमुळता. भरडून निघालेली डाळ पिवळी असते आणि तुरीत किंवा हरभऱ्यात मिसळली तर चटकन ओळखू येत नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचे वरण आणि वडे होतात. प्रथिने पाव भागाहून जास्त. जनावरांना कुटार मिळते आणि पुढच्या धानासाठी जमिनीत नत्र राहते. एका पैशाच्या खर्चाशिवाय इतके देणारे दुसरे पीक धानाच्या पट्ट्यात नाही.

धोका या पिकाच्या चिवटपणातच आहे. पाऊस दगा देतो, धान जाते, गहू-हरभरा जातो, तेव्हाही लाखोळी उभी राहते. मग गरिबाच्या घरात वरणही तिचे, भाकरही तिची आणि मजुरीही तिचीच, असे महिने येतात. रिवा संस्थानात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ देत. रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळी झाली आणि असे दोन-तीन महिने चालले की पाय जाऊ लागतात.

एक काठी, दोन काठ्या

भावप्रकाश हा सोळाव्या शतकातला आयुर्वेद ग्रंथ या डाळीने माणूस लंगडा होतो असे नोंदवतो. वैद्यांच्या परंपरेत या दुखण्याला कलायखंज म्हणतात. एकोणिसाव्या शतकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातली हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने, पुढच्या वर्षी पावसाअभावी आणि १८३१ मध्ये तांबेऱ्याने गहू गेला. लोक तिवऱ्यावर जगले. मग तिशीच्या आतल्या धडधाकट माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. अनेकांना ते एका रात्रीत झाले. संध्याकाळी शेतातून आलेला तरुण सकाळी अंथरुणातून उठताना अडखळला.

१९२२ मध्ये ॲक्टन या डॉक्टरने या आजाराच्या पायऱ्या मांडल्या आणि आजही त्याच वापरतात. पहिल्या पायरीवर काठी लागत नाही, पण चाल ताठ होते आणि टाच जमिनीला टेकत नाही. दुसऱ्या पायरीवर एक काठी. तिसरीवर दोन काठ्या, गुडघे एकमेकांवर घासतात, पाय कात्रीसारखे एकमेकांना छेदत पडतात. चौथ्या पायरीवर माणूस हातांच्या आधाराने जमिनीवर सरकतो. बुद्धी शाबूत, बोलणे स्वच्छ, पायाला चटका बसलेला कळतो, लघवीवर बहुतेकदा ताबा राहतो. फक्त पाय ऐकत नाहीत. गावात याला लकवा मारला म्हणतात, पण लकव्यात अंग ढिले पडते आणि इथे ते लाकडासारखे ताठते.

कारण कळायला १९६४ साल उजाडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून ओडॅप नावाचे अमिनो आम्ल वेगळे काढले. चेतापेशी एकमेकींशी ज्या रसायनांनी बोलतात त्यांपैकी ग्लुटामेट हे मुख्य. ओडॅप त्याच्यासारखे दिसते आणि त्याच्याच जागेवर बसते, पण लवकर सुटत नाही. पेशी सारखी चेतत राहते, तिच्यात कॅल्शियम शिरत जाते आणि शेवटी ती थकून मरते. मेंदूच्या वरच्या भागातून निघून थेट मज्जारज्जूच्या कमरेपर्यंत उतरणाऱ्या, पाय हलवणाऱ्या लांब चेतापेशी आधी बळी पडतात. १९८६ मध्ये पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून हा संबंध अधिक पक्का केला.

लाखोळीच्या आजारात आणि कंपवात किंवा मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये एक मोठा फरक आहे. लाखोळी खाणे थांबले की पडझड पुढे सहसा सरकत नाही. गेलेले मात्र परत येत नाही. विशीत काठी धरलेला माणूस सत्तरीतही काठी धरूनच चालतो. विष पोटातून केव्हाच गेलेले असते, पेशींची रिकामी जागा राहते. मूलपेशी उपचाराला सोडवायचा आहे तो प्रश्न इथे सर्वांत स्वच्छ रूपात दिसतो: मारणारे कारण संपले आहे, आता फक्त मेलेली पेशी परत हवी.

मूलपेशी कुठून येतात

मूलपेशीचे दोन गुण आहेत. ती स्वतःसारख्या आणखी मूलपेशी बनवू शकते आणि तिच्यापासून वेगळ्या कामाची पेशीही घडू शकते. गर्भ काही दिवसांचा असताना त्यात ज्या पेशी असतात त्यांपासून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते. विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी गर्भातल्या अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि जगभर नैतिक वाद पेटला. २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी त्या वादाला वळसा घालणारी वाट काढली. उंदराच्या कातडीतल्या साध्या पेशीत त्यांनी चार जनुके घातली आणि ती पेशी उलट प्रवास करून पुन्हा मूलपेशी झाली. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीवर हे जमले आणि २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळाले. या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात.

प्रौढ शरीरातही मूलपेशी असतात, पण त्यांची झेप मर्यादित असते. हाडांच्या मगजातली रक्त-मूलपेशी फक्त रक्त बनवते. त्याच मगजातली, चरबीतली किंवा नाळेतली मेसेन्कायमल पेशी हाड, कूर्चा आणि चरबी बनवते. मेंदूत सोडल्यावर तिची कामाची चेतापेशी होते, याला भरवशाचा पुरावा नाही. ती काही दिवस किंवा आठवडे टिकते, आजूबाजूला पोषक आणि दाह कमी करणारी द्रव्ये सोडते आणि नाहीशी होते. देशात चेताविकारांवर ‘मूलपेशी’ म्हणून जे विकले जाते त्यात बहुतेकदा हीच पेशी किंवा मगजातले मिश्रण असते. जाहिरात वाचताना ही गोष्ट सर्वांत आधी पाहावी.

रक्तात जमते ते मेंदूत का अडते

विदर्भ सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, केशवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली तर लहान मुलालाही पक्षाघात होतो. या आजारावर मूलपेशी उपचार ही रोजच्या वापरातली गोष्ट आहे. एचएलए, म्हणजे पेशींच्या ओळखखुणा, जुळणाऱ्या भावाबहिणीचा मगज मिळाला तर प्रत्यारोपणाने बहुतेक मुले आजारमुक्त होतात. अडचण इतकीच की प्रत्येक भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक असते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि मग अमेरिकेने कॅसजेव्ही हा उपचार मान्य केला. त्यात रुग्णाच्याच रक्त-मूलपेशी बाहेर काढून क्रिस्पर तंत्राने त्यांचे जनुक बदलतात आणि परत देतात. त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. पूर्व विदर्भातल्या कुटुंबांना तो आकडा ऐकूनही काही उपयोग नाही. तरी विज्ञान म्हणून तो चालतो, हे निर्विवाद आहे.

रक्तात जमते कारण रक्ताची रचनाच सोयीची आहे. मूलपेशी सलाइनमधून शिरेत सोडल्या की त्या आपापला मगज शोधून तिथे रुजतात आणि रक्त बनवू लागतात. तांबड्या पेशीला कुणाशी जोडून घ्यायचे नसते. चेतापेशीचे काम मात्र तिच्या जोडण्यांत असते. नव्या पेशीने जिवंत राहायचे, नेमक्या जातीची चेतापेशी व्हायचे, नेमक्या दिशेने तंतू वाढवायचा, नेमक्या पेशीला जाऊन भिडायचे आणि तिथे योग्य वेळी योग्य संदेश द्यायचा. शिवाय वाढ थांबायलाही हवी, नाहीतर गाठ होते.

म्हणून सगळे चेताविकार सारखे कठीण नाहीत. कंपवातात मुख्यतः मेंदूच्या खोल भागातल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी जातात आणि त्यांचे काम एका ठराविक जागी डोपामाइन पोहोचवण्याचे असते. नवी पेशी थेट त्याच जागी सोडली तर तिला फार लांब जावे लागत नाही. अल्झायमरमध्ये पेशी सगळीकडे विखरून मरतात, तिथे सुई कुठे टोचायची हाच प्रश्न. लाखोळीच्या किंवा मोटर न्यूरॉनच्या आजारात तर मेंदूच्या शेंड्यापासून कमरेपर्यंत अर्ध्या मीटरहून लांब तंतू पुन्हा वाढवावा लागेल. प्रौढ माणसात हे अजून कुणीही करून दाखवलेले नाही.

कंपवातावरची लांब वाट

हा प्रयत्न नवा नाही. स्वीडनमधल्या लुंड येथे अँडर्स ब्यॉर्कलुंड आणि ओले लिंडवाल यांच्या गटाने १९८७ मध्ये गर्भपातातून मिळालेल्या मेंदूच्या पेशी कंपवाताच्या रुग्णांत बसवायला सुरुवात केली. काहींना वर्षानुवर्षे फायदा झाला. अमेरिकेत कर्ट फ्रीड यांच्या गटाने याची कसून परीक्षा घेतली. ४० रुग्ण घेतले, निम्म्यांत पेशी सोडल्या, निम्म्यांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडली आणि कुणाला काय मिळाले हे रुग्णाला सांगितले नाही. २००१ मध्ये आलेला निष्कर्ष निराश करणारा होता. तरुण रुग्णांत थोडा फायदा दिसला, वयस्कांत दिसला नाही, आणि काहींच्या अंगाला औषध बंद केल्यावरही न थांबणारे हेलकावे जडले. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. पेशी बसवल्यानंतर दहा-बारा वर्षांहून अधिक जगून वारलेल्या रुग्णांच्या मेंदूत, बसवलेल्या काही पेशींतही कंपवाताच्या खुणा सापडल्या. आजार नव्या पेशीपर्यंतही पोहोचला होता.

एवढ्या अपयशानंतर हा विषय मिटला असता. तो आयपीएस पेशींनी तगवला. क्योटोत जुन ताकाहाशी यांच्या गटाने दात्याच्या आयपीएस पेशींपासून डोपामाइन पेशींची पूर्वरूपे बनवली, ती वर्गवारी करून निवडली आणि ७ रुग्णांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना सोडली. निकाल एप्रिल २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात आला. दोन वर्षांत गाठ झाली नाही, गंभीर दुष्परिणाम दिसला नाही. परिणामासाठी तपासलेल्या ६ पैकी ४ जणांची औषध बंद असतानाची हालचाल सुधारली. त्याच अंकात अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांवरचा, गर्भजन्य मूलपेशी वापरणारा प्रयोगही छापून आला आणि तोही सुरक्षित ठरला. त्यानंतर मोठ्या, नकली शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या चाचणीची तयारी झाली.

१९ माणसांवरून उपचार सिद्ध होत नाही. पण मूलपेशींपासून नव्या चेतापेशी बसवण्याचा एवढा पद्धतशीर पुरावा इतर चेताविकारांत क्वचितच उभा राहिला आहे. या पेशींना नेमकी जात देण्यासाठी कितीतरी वर्षांचे काम लागले, मेंदूत नेमक्या मिलीमीटरवर सोडावे लागले आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून रुग्णांना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घ्यावे लागले. कमरेत सुई टोचून दोन दिवसांत घरी पाठवण्याशी याचा काही संबंध नाही.

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये, म्हणजे एएलएसमध्ये, अजून असे काही हाती नाही. ब्रेनस्टॉर्म कंपनीचे न्यूरोन हे मेसेन्कायमल पेशींचे उत्पादन तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ठरवलेले उद्दिष्ट गाठू शकले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाच्या सल्लागार समितीने १७ विरुद्ध १ मतांनी ते नाकारले. सुनावणीत रुग्ण आणि कुटुंबीय परवानगीसाठी कळवळून बोलले होते. मूलपेशींचा दुसरा, कमी दिसणारा उपयोग मात्र इथे फळाला येऊ लागला आहे. रुग्णाच्या रक्तातून आयपीएस पेशी बनवायच्या, त्यांच्या चेतापेशी करायच्या आणि त्या बशीत मरताना पाहत त्यांच्यावर जुनी औषधे तपासायची. जपानमध्ये कंपवातावरचे रोपिनिरोल हे जुने औषध याच वाटेने एएलएसच्या चाचणीपर्यंत आले.

कमरेतली सुई

शहरांत जे विकले जाते त्याची रीत साधारण अशी असते. रुग्णाला पालथे झोपवून नितंबाच्या हाडाची जागा बधिर करतात. जाड सुई हाडात घालून पिचकारीने मगज ओढतात. तो ओढताना भूल असूनही आतून एक खेच जाणवते. मगज यंत्रात फिरवला की थर वेगळे होतात, तळाला तांबड्या पेशी आणि वर पांढऱ्या पेशींचा पातळ पट्टा. तो पट्टा उचलतात, धुतात आणि त्याच दिवशी कमरेच्या मणक्यांतून पाठीच्या पाण्यात सोडतात. या पट्ट्यात मूलपेशी फार थोड्या, बाकी साध्या रक्तपेशी असतात. पुढचे दिवस जोरदार व्यायाम, आहार, भाषाउपचार. मग बिल. काही महिन्यांनी पुन्हा यायला सांगतात.

घरी परतलेला रुग्ण अनेकदा बरे वाटते असे सांगतो, आणि तो खोटे बोलत नसतो. दिवसाला कितीतरी तास व्यायाम झालेला असतो. कंपवातात तर आशेचा परिणाम इतका असतो की नुसत्या छिद्रांच्या शस्त्रक्रियेनेही काही काळ बरे वाटते. एएलएससारख्या आजारातही मधूनमधून काही महिने घसरण मंदावते. म्हणूनच निम्म्या रुग्णांना नकली उपचार देऊन तुलना करावी लागते. ‘आमच्याकडे इतक्यांना बरे वाटले’ हा पुरावा नव्हे.

धोकाही खरा आहे. रशियात गर्भातल्या चेता-मूलपेशी घेतलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत पुढे गाठी झाल्या आणि त्यांतल्या पेशी दात्याच्या निघाल्या, असे २००९ मध्ये नोंदले गेले. पक्षाघातानंतर चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत मूलपेशी टोचून घेतलेल्या अमेरिकन माणसाच्या मणक्यात दुसऱ्याच्या पेशींची गाठ वाढली, ते २०१६ मध्ये छापून आले. भारतात अशा पाठपुराव्याची व्यवस्था कमी आहे. गावी परतलेल्या रुग्णाला काही झाले तर ते त्या सुईशी जोडून पाहणारे कुणी नसते.

नियम काय सांगतो

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये सुधारून निघाली. त्यांचा गाभा सोपा आहे. रक्ताच्या मान्य आजारांसाठीचे रक्त-मूलपेशी प्रत्यारोपण हाच मान्य उपचार, बाकी सर्व वापर म्हणजे संशोधन. संशोधन असेल तर नैतिक समितीची आणि औषध नियंत्रकाची परवानगी हवी, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया (सीटीआरआय) इथे नोंद हवी आणि सहभागी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. २०१९ च्या नव्या औषधे आणि चाचण्यांच्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईही द्यावी लागते. ‘चाचणी’ म्हणून काही लाख रुपये मागणारा दवाखाना हे नियम उघडपणे मोडत असतो.

भंडाऱ्यातल्या कुटुंबासाठी याचा व्यवहारी अर्थ असा. कुणी मूलपेशी सुचवल्या तर नोंदणी क्रमांक मागावा. तो सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो आणि संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. कोणत्या पेशी, कुठून आल्या, तुलनेचा गट आहे का, खर्च कुणाचा, हे विचारावे. उत्तर गुळमुळीत आले किंवा आगाऊ रक्कम मागितली तर पुढे जाऊ नये. प्रसूतीच्या वेळी नाळेतल्या पेशी साठवून ठेवण्याचा आग्रह होतो, त्याबाबतही परिषदेची भूमिका स्पष्ट आहे. बाळाला पुढे कधीतरी उपयोगी पडतील म्हणून खाजगी बँकेत पैसे गुंतवायला वैज्ञानिक आधार नाही.

बंदी, वाण आणि पाणी

लाखोळीचे काय झाले ते इथे सांगायला हवे, कारण चेतापेशी वाचवण्याचे एक काम प्रत्यक्षात पार पडले आहे. १९६१ मध्ये केंद्राने खेसारीच्या विक्रीवर बंदी आणली. पीक मात्र बांध्यांमधून गेले नाही आणि डाळही भेसळीच्या वाटेने फिरत राहिली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन केले, उपोषणे केली. २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. कोठारींचा शेतकऱ्याच्या बाजूचा मुद्दा योग्य होता: मिश्र आहारात थोडी लाखोळी खाणाऱ्याचे पाय जात नाहीत. विष मुळात नाहीच, असे मात्र कुणी म्हणू नये. ओडॅप आहे आणि उपासमारीत ते मारते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. डाळ अजून खाल्ली जाते, पण ताटात तांदूळ, तूर आणि इतर गोष्टी आल्याने तिचा वाटा घटला आहे आणि आजार जवळपास दिसत नाही. तांदळातली गंधकयुक्त अमिनो आम्ले, जी लाखोळीत कमी असतात, तीही बचाव करतात. डाळ गरम पाण्यात भिजवून पाणी फेकले तर ओडॅपचा मोठा भाग निघून जातो. रतन, प्रतीक, महातिवरा हे वाण ०.१ टक्क्याहून कमी ओडॅपचे आहेत. त्यांची एक अडचण बांधीवर कळते. मधमाश्या शेजारच्या जुन्या लाखोळीचा पराग आणतात आणि दोन-चार हंगामांत घरचे बियाणे पुन्हा विषारी होऊ लागते. म्हणून बियाणे बदलत राहावे लागते.

जिल्ह्यात जे मिळते

चेताविकार झालेल्या माणसाला भंडाऱ्यातून नागपूर गाठावे लागते. राष्ट्रीय महामार्गाने अंतर साठेक किलोमीटर. लाखांदूर किंवा तुमसरच्या आतल्या गावातून निघालेल्याला त्याहून कितीतरी जास्त. मेंदूविकारतज्ज्ञाकडे वर्षातून दोनदा-तीनदा गेले तरी रोजचे काम घरातच असते आणि त्या कामाने आयुष्य सुसह्य होते.

कंपवातात लेव्होडोपा अजूनही सर्वांत उपयोगी औषध आहे. ते स्वस्त आहे आणि आवश्यक औषधांच्या यादीत आहे. जेवणाआधी अर्धा तास घेतले तर चांगले शोषले जाते, कारण डाळीतली प्रथिने त्याची वाट अडवतात. वेळ चुकली की अंग आखडते, म्हणून घड्याळ लावून औषध देणारे माणूस घरात लागते. लाखोळीच्या किंवा दुसऱ्या कारणाने ताठलेल्या पायांना बॅक्लोफेन आणि रोजचे ताण देणारे व्यायाम थोडे सैल करतात. टाच खाली टेकवण्यासाठी पिंडरी ताणण्याचा व्यायाम कुणीही घरी करू शकतो. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये रिलुझोल आयुष्य काही महिने वाढवते. त्याहून अधिक फरक श्वासाला यंत्राचा आधार वेळेवर दिल्याने आणि गिळताना ठसका लागू नये म्हणून अन्न घट्टसर, घास लहान आणि मान किंचित पुढे ठेवल्याने पडतो.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यात कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, इतर जुनाट चेताविकार आणि सिकलसेल हे सगळे आहेत. बऱ्याच घरांना हे माहीत नसते. जिल्हा पातळीवर तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळते. अर्जाच्या वेळी नागपूरच्या डॉक्टरांची निदानाची कागदपत्रे, एमआरआयचा अहवाल आणि आधार कार्ड सोबत न्यावे. दिव्यांगत्वाची टक्केवारी बसली की प्रवास सवलत आणि अर्थसाहाय्याच्या योजनांसाठी तेच कार्ड चालते, आणि आजार वाढला तर टक्केवारी पुन्हा तपासून घेता येते.